बोलिव्हियाच्या नोटेला हळदीकुंकू

बुधवार, ता. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत, राहीबाईंनी बोलिव्हिया देशाच्या एका नोटेला हळदीकुंकू लावलं.

वेळेबद्दल वाद नाही. राहीबाईंचे यजमान लालासाहेब नेमके तेव्हाच शेजारची शिडी परत करून उंबऱ्यात आले होते, आणि बांधकाम खात्यातल्या हेडक्लार्कला समोर काहीही घडलं की आधी घड्याळाकडे बघायची सवय असते.

लक्ष्मीपूजन चाललं होतं. पाटावर चांदीचे दोन रुपये, राहीबाईंची बोरमाळ, पगारातल्या उरलेल्या नोटा आणि त्या सगळ्यांच्या वर ही नोट. एरवी नोटांवर हळदीकुंकू चिमटीनं वाहतात. ते झटकलं की निघतं. पण या नोटेवर एक बाई होती. बाईच्या अंगावर कुंकू फेकत नाहीत, तिच्या कपाळाला लावतात. म्हणून राहीबाईंनी करंगळीशेजारचं बोट पळीतल्या पाण्यात बुडवलं, हळदीत टेकवलं, आणि दीड इंच उंचीच्या त्या बाईच्या कपाळावर, जराही इकडेतिकडे न होता, टेकवलं. मग कुंकू. हात स्थिर होता. ते काम उत्तम झालं होतं, हे लालासाहेबांनीही पुढे कधी नाकारलं नाही.

"आवं, असं काय बघताय?" राहीबाई म्हणाल्या. "तुमीच म्हणला व्हता, समृद्धीची देवी हाय म्हणून."

तसं ते म्हणाले होते. नोटेवरची बाई सिंहासनावर बसलेली होती. तिच्या हातातल्या मोठ्या शिंगातून फळं आणि कणसं सांडत होती. मागे पोतोसीचा चांदीचा डोंगर, पायाशी दोन लामा, म्हणजे तिकडची लोकरीची, लांब मानेची जनावरं. नोट १९०२ सालची होती, आणि तिच्यावर सही करणारी बँक केव्हाच बुडाली होती. हे सगळं लालासाहेबांनी आदल्या रविवारी बायकोला भिंगातून दाखवलं होतं. बायको लक्ष देऊन ऐकते आहे याचा त्यांना तेव्हा फार आनंद झाला होता.

नोट त्यांची असती तर गोष्ट इथंच संपली असती. ती त्यांची नव्हती.

सांगलीत पीरमहंमद बागवान यांची हळदीची अडत होती, आणि अडतीच्या मागच्या खोलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहा माणसं जमत. ही माणसं दक्षिण अमेरिकेच्या जुन्या नोटा जमवत. दुसऱ्या कुठल्याच नाहीत. बागवानशेठचं म्हणणं असं, की इंग्लंडच्या नोटा कोणीही जमवेल, त्या एकसारख्याच असतात. त्या खंडात मात्र दर दोन-चार वर्षांनी सरकार उलथतं, आणि नवं सरकार आलं की आधी नवी नोट काढतं. त्यामुळे जमवणाऱ्याला कधी काही कमी पडत नाही. मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. एक रिवाज होता. नव्या माणसाला बागवानशेठ आपल्या संग्रहातली एक नोट महिनाभर घरी न्यायला देत. तिला पाहुणी नोट म्हणत. तिच्याबद्दल पावती लिहायची नाही. न्यायची, अभ्यासायची, तिच्या चित्राचं एक पानभर वर्णन लिहायचं, पुढच्या बैठकीत ते वाचायचं आणि नोट परत करायची. जशी गेली तशी आली पाहिजे. आली, की माणूस मंडळाचा झाला.

लालासाहेब तीन वर्षं दर महिन्याला एस.टी.नं सांगलीला जात होते. त्यांच्याकडे स्वतःच्या एकोणीस नोटा होत्या. त्यांतल्या चौदा ब्राझीलच्या, आणि त्या चौदांतल्या नऊ एकसारख्या. तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बागवानशेठनी पहिल्यांदा त्यांच्या हातात पाहुणी नोट ठेवली होती. ती परत करायची तारीख होती २४ नोव्हेंबर. हातात अकरा दिवस होते.

कुंकू कोरड्या ब्रशनं बरंचसं निघालं. हळद निघाली नाही. ती कागदात शिरली होती.

पाडव्याला सकाळी घरमालकीण अंबूबाई ओवाळणीच्या निमित्तानं वर आल्या आणि नोट बघून गेल्या. त्यांचं मत राहीबाईंच्या बाजूनं पडलं. एवढी भरल्या हाताची बाई, तिचं कपाळ त्या लोकांनी मोकळं ठेवलंच कसं, असा त्यांचा प्रश्न होता. पायाशी बसलेली जनावरं मेंढरं आहेत, म्हणजे देवी धनगरांची असणार, असंही त्यांनी सांगितलं. डागाबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, त्यात काय, साबण लावा.

लालासाहेबांनी साबणाला स्पष्ट नकार दिला. तो नकार त्यांनी घरात दोनदा उच्चारला. शनिवारी ते कचेरीत गेले. तीन दिवस नवऱ्यानं नीट जेवण केलं नाही याचं राहीबाईंना वाईट वाटत होतं, आणि साबण मोरीतच होता.

हळदीला साबण लागला की ती तांबडी होते. हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, आणि ऐन वेळी त्यातल्या एकीलाही आठवत नाही. लालासाहेब संध्याकाळी घरी आले तेव्हा बोलिव्हियाच्या देवीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. ते आता कोणी लावलेलं नव्हतं, आतूनच आलं होतं.

या वेळी नाथाजी मध्ये पडले. नाथाजी शेजारच्या घरात राहत. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, लढाईत इजिप्त आणि इटली बघून आलेले. त्यामुळे परदेश हा विषय पेठेत त्यांच्याकडे होता. नोट त्यांनी हात लांब करून पाहिली. ही मेंढरं नव्हेत, हे उंट आहेत, असा त्यांनी निर्णय दिला. मदार नाही म्हणजे मादी असणार. लामा नावाचं वेगळं जनावर असतं हे लालासाहेबांनी सांगून पाहिलं. नाथाजी म्हणाले, लामा तिबेटात असतात, आणि ती माणसं आहेत.

"लिंबू पिळा," ते म्हणाले. "हुकूम समजा. तांबडं जातंय का न्हाई बघा."

तांबडं गेलं. जागच्या जागी पिवळं परत आलं. फक्त पूर्वी ते कपाळापुरतं होतं, ते आता उजव्या गालावरून उतरून शिंगातल्या फळांपर्यंत पोचलं होतं. फळं त्यामुळे पिकल्यासारखी दिसू लागली.

इथं लालासाहेबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते घरात ओरडले नाहीत. खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ओरडण्याचा उपयोग नसतो हे कळलेलं असतं. ते टेबलाशी बसले, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर तारीखवार घटना लिहून काढल्या. कोणी, केव्हा, काय लावलं. राहीबाईंनी तो कागद वाचला. आपलं नाव त्यात तीन वेळा आलं आहे हे पाहून त्या आत गेल्या, आणि त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

उन्हाची युक्ती मात्र राहीबाईंचीच. हळद लागलेली साडी त्या उन्हात टाकत, आणि चार दिवसांत डाग उडे. लालासाहेबांना हे पटलं. नोट दोन काचांमध्ये ठेवायची ठरली. तेवढ्या मापाच्या काचा घरात एकाच ठिकाणी होत्या, त्या म्हणजे राहीबाईंच्या वडिलांच्या आणि आईच्या फोटोंवर. राहीबाईंनी त्या स्वतः काढून दिल्या. दिवाळीच्या आठवड्यात आईवडील उघडे पडले याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तो न बोललेला शब्द मात्र घरात पाच दिवस होता.

रविवार ते गुरुवार नोट अंबूबाईंच्या गच्चीवर उन्हात राहिली. नाथाजी खुर्ची टाकून राखणीला बसले. कावळे, वानरं आणि पेठेतली माणसं, या तिन्हींपासून तिला सांभाळायचं होतं. पहिली दोन आली नाहीत. माणसं आली. बोलिव्हियाची लक्ष्मी वाळत घातली आहे ही बातमी राजवाड्यापर्यंत गेली होती. एक बाई तांदूळ घेऊन आल्या. नाथाजींनी त्यांना खालूनच परतवलं.

गुरुवारी संध्याकाळी हळद उडाली होती. राहीबाईंना डाग दिसेना, अंबूबाईंना दिसेना, नाथाजींना तर आधीही नीट दिसत नव्हता. लालासाहेबांनी भिंग घेतलं. भिंगातून फिकट पिवळी कडा दिसत होती. आणि सांगलीच्या सहाही माणसांकडे भिंगं होती.

आता उरलेल्या दोन दिवसांत नाथाजींनी शेवटचा सल्ला दिला. मळक्या, फाटक्या नोटा बँकेत येतात, तेव्हा नोट साफ करायचं काहीतरी औषध बँकेकडे असणार. लालासाहेबांना हे पटायला नको होतं. पण माणूस दमला की त्याला कोणतंही वाक्य पटतं. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते नोट खिशात घेऊन बँकेत गेले.

बँकेतला अधिकारी तरुण, शांत आणि सभ्य होता. त्याचं टेबल नीटनेटकं होतं. लालासाहेबांना तो पाहताक्षणी आवडला, आणि इथंच चुकलं. औषधाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. पण नोट परदेशाची आहे हे त्यानं ओळखलं, आणि त्याच वर्षी परकीय चलनाचा नवा कायदा लागू झाला होता. आपण परदेशातून कोणत्या तारखेला परतलात, असं त्यानं विचारलं. आपण कोल्हापूरच्या पुढे कधी गेलो नाही, असं लालासाहेबांनी सांगितलं. त्यानं "लागू नाही" असं लिहिलं. ते लिहिण्याची त्याची पद्धत सुरेख होती. मग त्यानं खणातून एक छापील अर्ज काढून पुढे ठेवला. तीन प्रती, चौदा रकाने, मध्ये कार्बन.

दुसरा कोणी असता तर नोट खिशात घालून उठला असता. पण लालासाहेबांनी बावीस वर्षांत कोरा अर्ज समोर आला आणि भरला नाही असं कधी केलं नव्हतं. आणि हा अर्ज चांगला होता. रकान्यांचा क्रम योग्य होता, शेऱ्यासाठी पुरेशी जागा सोडली होती. आपल्या खात्यात असा अर्ज नाही ही खंत त्यांना पुढे बरेच दिवस राहिली. त्यांनी पेन काढलं. मालकाचं नाव या दुसऱ्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे पीरमहंमद बागवान, सांगली असं लिहिलं. अकरावा रकाना "चलनाच्या स्थितीबाबत शेरा" असा होता. तिथं त्यांनी घरचा तारीखवार कागद आठवून सगळं उतरवलं, हळदीपासून उन्हापर्यंत, बारीक अक्षरात. चौदावा रकाना सहीचा होता. त्यांनी सही केली. अधिकाऱ्यानं शिक्का मारला, तिसरी प्रत त्यांच्या हातात दिली आणि नोट लखोट्यात घालून लाख लावली.

लालासाहेब बाहेर पडले. अर्ज एकही खाडाखोड न होता भरला गेला याचं समाधान त्यांना पोवई नाक्यापर्यंत पुरलं. नाक्यावर त्यांनी खिशाला हात लावला.

ते पळत परत आले तेव्हा टपालाची थैली मुंबईला गेली होती. वरच्या कचेरीचा अभिप्राय आल्याखेरीज नोट परत करता येणार नाही, असं अधिकाऱ्यानं सांगितलं. आणि आलीच, तर ती मालकाला मिळेल, अर्जदाराला नाही. दुसऱ्या रकान्याप्रमाणे. लालासाहेबांना यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. नियम बरोबर होता.

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं ते सांगलीला निघाले. मी येते आणि मीच सांगते, असं राहीबाई म्हणत होत्या. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा राहीबाईंनी उरलेल्या फराळाचा डबा बागवानशेठच्या घरी द्यायला बरोबर दिला. लालासाहेबांच्या एका खिशात वर्णनाचं पान होतं, दुसऱ्यात अर्जाची तिसरी प्रत. कराड गेलं तरी आधी काय काढायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं.

अडतीच्या मागच्या खोलीत एक लांब गादी होती. तिच्यावर मंडळाची माणसं बसत. दाराशी हळदीची पोती रचलेली असत. त्यांच्यावर नवी माणसं बसत. लालासाहेब पोत्यावर बसले आणि त्यांनी आधी पान वाचलं. पान चांगलं झालं होतं. अशा चित्रांच्या पोलादी पाट्या न्यूयॉर्कचे छापणारे तयार ठेवत आणि एकच चित्र दोन-तीन देशांना विकत, तेव्हा ही बाई मुळात बोलिव्हियाची असेलच असं नाही, हा मुद्दा त्यांनी मांडला. सहा जणांनी माना हलवल्या. मग बागवानशेठनी नोटेसाठी हात पुढे केला, आणि लालासाहेबांनी त्या हातावर तिसरी प्रत ठेवली.

बागवानशेठ सत्तरीचे होते. त्यांनी चष्मा लावला आणि चौदाही रकाने वाचले. अकराव्यापाशी ते थांबले.

"हळद कुठली व्हती?" त्यांनी विचारलं.

"घरातली," लालासाहेब म्हणाले.

"घरात कुठनं आली?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातनं. सुटी."

"साबण लावल्यावर तांबडी झाली?"

"झाली."

"लिंबानं परत पिवळी?"

"व्हय."

"आन पाच दिसांत उन्हानं उडाली." बागवानशेठनी कागद खाली ठेवला. "मग अस्सल हाय. रंग घातलेली असती तर जन्मात गेली नसती. साताऱ्यात अशी सुटी मिळतीय म्हंजी नवल हाय." एवढं बोलून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं, आणि मग नोट आठवली. "हळद चांगली, लालासाहेब. बाकीचं काम लय वाईट."

लालासाहेब म्हणाले की आपल्याला काढून टाकावं. मंडळानं त्यावर तासभर चर्चा केली. जशी गेली तशी आली पाहिजे, हा रिवाज स्पष्ट होता. पण नोट जशी गेली तशी आली नाही असं म्हणण्यासाठी ती आधी यायला हवी होती, आणि ती आलीच नव्हती. बागवानशेठनी निकाल दिला. नोट येईपर्यंत लालासाहेबांना काढता येत नाही आणि घेताही येत नाही. त्यांनी यावं, चहा घ्यावा, पण बसावं पोत्यावर. फराळाचा डबा त्यांनी आत पाठवला. चकल्या चांगल्या झाल्या आहेत असा निरोप आतून आला.

लालासाहेब डिसेंबरात गेले, जानेवारीत गेले, फेब्रुवारीत गेले. चार चार तास पोत्यावर बसत. दर खेपेला त्यांची पँट मागून पिवळी होऊन येई, आणि राहीबाई ती साबणानं न धुता मुकाट्यानं गच्चीवर टाकत. महिन्यातल्या एका सोमवारी कचेरीत त्यांना कुठं लग्नाला गेला होता का असं विचारलं जाई. नोटेबद्दल त्यांनी मुंबईला पाच पत्रं लिहिली. मसुदे उत्तम होते. बागवानशेठ दर वेळी एवढंच विचारत, आलं का काही, आणि लालासाहेब नाही म्हणत. तो नाही शब्द उच्चारायला त्यांना दर महिन्याला जास्त वेळ लागू लागला. नोट सत्तर वर्षांची होती, शेठही सत्तरीचे होते, आणि दुसरी तशी नोट त्यांच्याकडे नव्हती, हे लालासाहेबांना फेब्रुवारीत कळलं. शेठनी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या एका सभासदानं चहा पिताना सांगितलं.

शुक्रवार, ता. २१ मार्च १९७५ रोजी मुंबईहून लखोटा आला. त्यात नोट नव्हती. तीन मुद्द्यांवर खुलासा मागवला होता. एक, नोटेवरील महिलेचं नाव व राष्ट्रीयत्व. दोन, श्री. बागवान यांचं सदर महिलेशी नातं. तीन, मूळ नोट पडताळणीसाठी उत्तरासोबत जोडावी.

लालासाहेबांनी तिसरा मुद्दा राहीबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी ती त्यांच्याकडंबी न्हाई?"

"हाय," लालासाहेब म्हणाले. "असायला पायजे."

"मला जाऊन बघू द्या," राहीबाई म्हणाल्या. "मी वळखते तिला." त्या थट्टा करत नव्हत्या.

लालासाहेबांनी उत्तर लिहिलं. पहिल्या मुद्द्याला "अज्ञात", दुसऱ्याला "लागू नाही", आणि तिसऱ्याला, मूळ नोट आपल्याच कचेरीच्या ताब्यात असल्याने जोडता येत नाही, सबब क्षमस्व. ते रजिस्टर पोस्टानं गेलं. पोच परत आली. तिच्यावरची सही वाचता येत नाही.

रविवार, ता. ३० मार्चला ते सांगलीला गेले आणि मुंबईचं पत्र त्यांनी बागवानशेठच्या हातात दिलं. शेठनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या मुद्द्यापाशी त्यांची दाढी किंचित हलली. तिसऱ्यापाशी त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले.

"पाच पत्रं लिहिली तुमी?" त्यांनी विचारलं.

"आता सहा झाली."

शेठ गादीवर वीतभर डावीकडे सरकले. त्यांच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा झाली. डावीकडे त्यांचा पानाचा डबाही होता, आणि तो त्यांनी सरकता सरकता उघडलाही. लालासाहेब पोत्यावरून अर्धे उठले होते. जागा आपल्यासाठी झाली की पानासाठी, हे त्यांना कळेना. तेवढ्यात चहा आला, आणि त्यांनी तो उभ्यानंच घेतला.